मोजणी कोणाची?

९ जानेवारी

प्रिय प्रयोगशाळाबाई,

तुझं पत्र पोचलं. दोन पानांचं पत्र. त्यातलं दीड पान तुझ्या पेशींना, उरलेल्या अर्ध्यात तुझ्या लॅबमधला तो घड्याळ्या, आणि शेवटी एक ओळ, 'तब्येतीची काळजी घे.' ती शेवटची ओळ माझ्यासाठी असावी असं धरून चाललो आहे.

मी बरा आहे. ताडपत्रीचा कारखाना म्हणजे काय ते तुला आता तोंडपाठ झालं असेल. मोठमोठे रूळ, त्यांच्यातून सरकणारं कापड, त्यावर चढणारा लेप, आणि दिवसभर कान बधिर. माझ्याकडे दुसऱ्या पाळीची माणसं आहेत. कामाला बरी, बोलायला त्याहून बरी. लेप मऊ राहावा म्हणून त्यात जे तेल मिसळतात त्याला ती सगळी 'अत्तर' म्हणतात, कारण त्याचा वास गोडसर, पिकून खाली पडलेल्या फळासारखा. शर्ट कितीही धुवा, जात नाही. मागच्या सुट्टीत तू नाक मुरडून माझे शर्ट गॅलरीत टाकले होतेस, तोच हा वास.

आता मुद्द्याचं. ताईचं पत्र आलं. सहज लिहिलंय तिने, तसं काही मनात नाही तिच्या. म्हणते, तुझ्या बायकोला कुणी उंच मुलगा स्कूटरवर दारापर्यंत सोडून गेला. हा उंच मुलगा म्हणजेच घड्याळ्या का? पत्रात तू त्याची उंची लिहिली नव्हतीस. बाकी सगळं लिहिलंस.

रागावलो नाही. विचारतोय फक्त.

तुझाच


१७ जानेवारी

प्रिय 'विचारतोय फक्त',

हो, तोच. उंच आहे, दिसायला चांगला आहे, लग्न व्हायचंय, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. झालं समाधान? बस चुकली होती, त्याचा रस्ता आपल्या घरावरून जातो, त्याने सोडलं. तुझ्या ताई खालच्याच मजल्यावर राहतात, त्यांनी खिडकीतून बघण्याऐवजी दार उघडलं असतं तर दोघांना चहा मिळाला असता.

त्याला घड्याळ्या म्हणतात कारण तो सगळं घड्याळ लावून करतो. पेशींना औषध किती वेळ ठेवायचं, रंग किती वेळ ठेवायचा, इतकंच नाही, चहा गार व्हायला किती वेळ लागतो तेसुद्धा. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या प्रमुख, म्हणतात, आता तरी लॅबमध्ये एक माणूस वेळेवर येतो.

तू मागे विचारलं होतंस की मी नक्की करते काय. आणि मी सांगितलं की तुला झोप येते. तरी सांगते. यकृताच्या पेशी आम्ही काचेच्या उथळ बशीत वाढवतो. त्या एकमेकींना चिकटून फरशीसारख्या पसरतात, मध्ये फट राहत नाही. शेजारणी-शेजारणींमध्ये बारीक वाटा असतात, त्यांतून त्यांची देवाणघेवाण चालते. मी ब्लेडने त्या थरावर एक सरळ ओरखडा काढते आणि चमकणारा पिवळा रंग ओतते. फाटलेल्या पेशींत रंग शिरतो, तिथून शेजारच्या ओळीत, तिथून पुढच्या. मग धुवायचं, निळ्या उजेडात मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे, आणि रंग किती ओळी पुढे गेला ते मोजायचं.

काही रसायनं अशी असतात की ती या वाटा बंद करतात. रंग ओरखड्याच्या काठालाच थबकतो. ही रसायनं स्वतः कॅन्सरची गाठ सुरू करत नाहीत. पण एखादी पेशी आधीच बिघडलेली असेल तर शेजारणी तिला आवरून धरतात. वाटाच बंद झाल्या तर तिला आवरणार कोण? ती वाढत सुटते. म्हणून अशा रसायनांना आम्ही गाठ पोसणारी म्हणतो.

कालच तपासणी खात्याकडून नव्या बाटल्या आल्या. वर नुसते आकडे. कुठल्या कारखान्यातलं काय आहे ते आम्हाला कधीच कळत नाही, कळू द्यायचंही नसतं. उद्यापासून त्याच कामाला लागायचं.

मार्चमधली सुट्टी नक्की ना? पडदे धुवायला काढते.

तुझी


२८ जानेवारी

प्रिय प्रयोगशाळाबाई,

झोप आली नाही. दोनदा वाचलं. तुझ्या पेशींचा मला हेवा वाटला, खरं सांगतो. तू त्यांना वेळेवर खाऊ घालतेस, ऊब देतेस, रविवारीसुद्धा जाऊन बघतेस. मी इथे मेसमध्ये आमटीत डाळ शोधतो.

'दिसायला चांगला आहे' हे लिहायची काय गरज होती? मी उंची विचारली होती. तू मला डिवचायला लिहिलंस हे मला कळतं. पण लिहिताना तो चांगला दिसतो हे तुझ्या डोळ्यांसमोर आलंच असेल ना. ते मला नको आहे. मी मूर्ख आहे, माहीत आहे मला. पाळी संपल्यावर खोलीत आलो की दुसरं काही सुचत नाही. तुम्ही दोघं एकाच मायक्रोस्कोपवर वाकलेले दिसता. त्याला डोळे लावायला दोनच भोकं असतात ना? मग एका वेळी एकच जण बघत असेल. अशी मी मनाची समजूत घालतो.

इथे एक बातमी आहे. मिश्रणाच्या खोलीचा मुख्य माणूस सोडून चाललाय. मॅनेजर म्हणाले, जागा तुझ्यासाठी ठेवली आहे, वर्षभर राहायची तयारी ठेव. पगार वाढेल, हुद्दा वाढेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. मार्चमध्ये येईन तेव्हा बोलू.

तू माझ्या हेव्यावर हसू नकोस.

तुझा


१२ फेब्रुवारी

प्रिय,

उशीर झाला. काम फार आहे.

मला काही गोष्टी कळव. तुझा त्या तेलाशी संबंध किती येतो? पिंप उघडताना तू तिथे असतोस का? हातमोजे देतात का, आणि दिले तर घालतोस का? मेसमध्ये जेवायच्या आधी हात कशाने धुतोस? मिश्रणाच्या खोलीला खिडक्या आहेत का? सगळ्यांची उत्तरं दे, गंमत करू नकोस.

मिश्रणाच्या खोलीची जागा घेऊ नकोस. सध्या तरी नको. कारण विचारू नकोस, मी आल्यावर, म्हणजे तू आल्यावर सांगेन.

नव्या बाटल्यांची मोजणी आता माझ्याकडे नाही. मोठ्या बाईंनी ती घड्याळ्याकडे दिली. मी फक्त पेशी वाढवते आणि बशा तयार करून देते. त्यामुळे त्याच्यासोबत बसावं लागतं. तुझ्या ताईंनी काही लिहिलं तर आधी मला विचार.

मी बरी आहे. शर्ट वेगळे धुवायला दे.

तुझी


२० फेब्रुवारी

सौ. बाईसाहेबांना सप्रेम नमस्कार,

पत्र पावलं. उत्तरं पुढीलप्रमाणे. तेल रोज हाताळतो. पिंप मीच उघडून घेतो. हातमोजे आहेत, फाटलेले आहेत. हात साबणाने धुतो. खिडकी एक आहे आणि ती उघडत नाही. हे सगळं कशासाठी, हे विचारायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा विचारत नाही.

आता माझी पाळी. ताई तुमच्या लॅबजवळच्या दवाखान्यात गेली होती. येताना तिने तुम्हाला कॅन्टीनबाहेरच्या बाकावर पाहिलं. तोंडावर रुमाल धरून रडत होतात. शेजारी तो. पाण्याचा ग्लास पुढे केलेला. ताई थांबली नाही, तिला ओशाळल्यासारखं झालं. मला लिहावं की नाही यात तिचे चार दिवस गेले म्हणे.

लग्नाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तू माझ्यासमोर किती वेळा रडलीस? तुझे वडील गेले तेव्हासुद्धा बाथरूमचा नळ सोडून रडलीस, मला बाहेर ठेवून. आणि भर दुपारी, रस्त्यावर, त्याच्यासमोर? असं काय आहे की जे त्याच्यासमोर रडता येतं आणि मला लिहिता येत नाही? तुझ्या पेशींमध्ये वाटा आहेत म्हणे. आपल्यात आता त्याही नाहीत का?

आणि मग मला आठवतं, तू म्हणतेस हातमोजे घाल, हात धू, शर्ट वेगळे दे. ही काळजी माझ्या ओळखीची नाही. मनाला काहीतरी टोचत असलं की माणूस अशी काळजी करायला लागतो.

मिश्रणाच्या खोलीची जागा मी घेतली. सोमवारपासून रुजू झालो. वर्षभर आता इथेच. मार्चमध्ये येत नाही. पडदे धुतले असलेस तर परत लाव.

तुझा, अजून तरी


२५ फेब्रुवारी

ऐक.

आधी रागाचं संपवते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तू तुझ्या बहिणीला माझ्यावर नजर ठेवायला लावलंस. ती रोज संध्याकाळी कोथिंबीर मागायला वर येते आणि माझ्या चपलांशेजारी दुसऱ्या चपला आहेत का ते बघते. मला वाटायचं, बिचारी एकटी असते. आता कळलं. नऊ वर्षांनी हे कळायला नको होतं.

आता पुढचं. हे मी लिहायचं नाही. लिहिलं तर माझ्यावर येईल. तरी लिहिते, कारण तू सोमवारी त्या खोलीत गेलास.

नव्या बाटल्यांमधली एक मी जानेवारीत उघडली आणि माझे हात थांबले. पिकून खाली पडलेल्या फळाचा वास. गॅलरीतल्या तुझ्या शर्टांचा. वरती फक्त आकडा होता, पण नाकाला आकडा कशाला लागतो?

तरी मी काम केलं. पहिल्या फोटोत रंग काठालाच अडकलेला दिसला. मी स्वतःला सांगितलं, नाही, दुसरी ओळ पुसटशी दिसतेय. तिसरीही असेल. दोन लिहिलं, खोडलं, तीन लिहिलं. मग मला माझीच भीती वाटली. मी ते रसायन निर्दोष ठरवायला निघाले होते, केवळ तू त्यात हात घालतोस म्हणून. तिथूनच उठून मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, "ही बाटली कुठली ते मला वासावरून कळलंय. मला मोजता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "घरचं कुणी?"

मी मान हलवली.

"मग मोजणी त्याच्याकडे. त्याला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलंस तर त्याचीही मोजणी गेली. आणि घरी एक अक्षर लिहायचं नाही. सगळं दुसऱ्यांदा करून अहवाल जाईपर्यंत."

म्हणून मोजणी त्याच्याकडे गेली. म्हणून मी त्याच्यासोबत बसत होते. त्याला आजतागायत माहीत नाही की ती बाटली तुझ्या कारखान्याची असावी. त्या दुपारी त्याच्या टेबलावर आकडे उघडे पडले होते. बाकीच्या बशांत रंग सात-सात, आठ-आठ ओळी गेलेला. त्या एका रसायनात एक. कुठे तर एकही नाही. मी बाहेर गेले आणि बाकावर बसले. तो मागून आला. काय झालं विचारलं नाही, पाणी दिलं. इतकंच.

आता नीट ऐक. बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. पुढे अजून बऱ्याच तपासण्या लागतात, मोठ्या बाई हे दिवसातून दोनदा बजावतात. पण त्या बंद खोलीत, फाटक्या हातमोज्यांनी, वर्षभर? नको. आणखी एक सांगते, हे मी स्वतः केलेलं काम आहे. त्याच पेशी धुऊन त्यांना स्वच्छ अन्न घातलं की दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा पुढे जातो. थांबवलं तर सावरतं. म्हणून म्हणते, थांबव. तिथून बाहेर पड.

तुझी


६ मार्च

पत्र वाचलं. ताईबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मीच सांगितलं होतं तिला.

बाकीचं मला पटत नाही. पटत नाही म्हणण्यापेक्षा, पटवून घेता येत नाही. रात्रंदिवस मी एकच वाचतोय, मोजणी त्याची. आकडे त्याचे. एक ओळ, आठ ओळी, सगळं त्याने लिहिलेलं. माझ्या हातातलं काम सोड, हुद्दा सोड, चार माणसांसमोर मागे फिर, कारण त्याने फोटोत एक ओळ मोजली. तू मला सांगतेस की तो कुणाची बाजू घेत नाही. पण तू सांगतेस म्हणूनच मला ते ऐकवत नाही. हे वेडेपण आहे. पण रात्री खोलीत डोकं जे म्हणेल ते खरं वाटतं.

मिश्रणाच्या खोलीत माझ्या हाताखाली चौघं आहेत. त्यातला एक, आम्ही त्याला पैलवान म्हणतो, त्याने मला काल विचारलं, "साहेब, घरून पत्र आलं की तोंड का उतरतं?" मी म्हटलं, बायको म्हणते हे अत्तर वाईट आहे. तो म्हणाला, "मग वहिनींना विचारा ना, किती वाईट?"

तर विचारतो. तू मोज. तू स्वतः. तुझ्या डोळ्यांनी मोजून सांगितलंस तर मी त्या दिवशी खोली सोडेन. त्याच्या मोजणीवर सोडणार नाही. हे चुकीचं आहे हे कळूनही लिहितो आहे.


२१ मार्च

मोजलं.

तुझं पत्र घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. लपवायचं ठरवलं असतं तर जमलं असतं, पण मला आता कुणापासून काही लपवायचा कंटाळा आला आहे. सांगितलं, मी घरी कळवलं. त्यांनी पत्र वाचून, घडी घालून परत दिलं. मग म्हणाल्या, "सोमवारपासून तू या कामावर नाहीस. अहवालावर तुझं नाव जाणार नाही. हे मला करावंच लागेल."

मी बरं म्हटलं. सात महिने त्या पेशी मी वाढवल्या. कुठल्या बशीत बुरशी लागली, कुठली उपाशी राहिली, मला पाठ होतं. अहवालावर आता पहिलं नाव घड्याळ्याचं. तुला वाटेल फक्त तूच जळतोस.

मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "तो ऐकणार नाही का तुझ्या मोजणीशिवाय?"

"नाही म्हणतो."

"मूर्ख आहे."

"हो."

"बस मग."

त्यांनी फोटो मागवले. नव्या फेरीतले, मी न पाहिलेले. चार वेगवेगळ्या रसायनांचे आणि सोबत काहीच न घातलेल्या बशांचे. सगळे पत्त्यांसारखे पिसले. मागच्या आकड्यांवर कागद चिकटवले. फोटोला वास नसतो. माझ्यापुढे गठ्ठा ठेवला आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या. "तुझी मोजणी अहवालात येणार नाही. ही फक्त तुझ्या घरासाठी."

मी मोजत गेले. आठ. सात. आठ. सात. मग एक फोटो आला, काठावर पिवळी रेघ आणि पलीकडे काळोख. मी थांबले. पुढच्या ओळीत काहीतरी पुसट दिसतंय असं वाटलं. वाटावं असं मला वाटत होतं. बाई म्हणाल्या, "पुसट दिसतं ते धरायचं की नाही, हे इथे सगळ्यांना तूच शिकवलंस." मी एक लिहिलं. तसे आणखी आले. प्रत्येकाला एक लिहिलं. एकाला शून्य.

शेवटी त्यांनी कागद काढले, आकडे जुळवले आणि त्याची मोजणी शेजारी ठेवली. आमच्या दोघांच्या मोजणीत एक जागा सोडली तर फरक नाही. एका फोटोत त्याने दोन लिहिलं होतं तिथे मी एक. म्हणजे माझी मोजणी त्या तेलावर जास्त कडक झाली. हे तू मागितलंस म्हणून. तुझ्या विरुद्धचा आकडा माझ्या हाताने लिहून घेतलास, आता तरी खूश हो.

मी मोजलं आहे. खोली सोड.


२ एप्रिल

प्रिय,

पत्र आलं त्या दिवशी सोडली. पाळी सुरू व्हायच्या आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, मी त्या खोलीत काम करणार नाही आणि खिडकी उघडेपर्यंत, नवे हातमोजे येईपर्यंत माझी माणसंही करणार नाहीत. ते हसले. "कुणी भरवलं हे डोक्यात?"

"बायकोने."

"बायका घाबरतात."

"माझी घाबरत नाही," मी म्हटलं. "ती मोजते."

तुझं नाव, लॅबचं नाव, काहीच सांगितलं नाही. तुझ्यावर आणखी काही यायला नको. चौघांना मात्र खोलीबाहेर बोलावून सांगितलं. पैलवानाने एकच विचारलं, "आधी जे अंगात गेलं त्याचं काय?" मी तुझी धुतलेल्या पेशींची गोष्ट सांगितली. थांबवलं तर सावरतं, पण बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हेही सांगितलं. तो हात पुसत बाहेरच बसून राहिला. त्याच्यामागून बाकीचे. दोन दिवस रूळ बंद होते. तिसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्याने खिडकीचे खिळे काढले. पंखा लावला. हातमोजे आले, पुरेसे नाहीत पण आले. मला गोदामात टाकलं आहे, हुद्दा गेला. गठ्ठे मोजतो. काल तपासणी खात्याची माणसं पिंपांचे नमुने घेऊन गेली, म्हणजे तुमचा अहवाल पोचला असावा.

रक्त तपासून घेतलं. पाचही जणांचं. पैलवानाचे यकृताचे आकडे थोडे वर आहेत, डॉक्टरांनी त्याला पुन्हा बोलावलंय. माझे ठीक आहेत.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. मी तुझ्यावर संशय घेतला त्याबद्दल क्षमा मागतो. ताईलाही लिहिलं, नजर ठेवायची नाही, कोथिंबीर हवी तर बाजारात मिळते. पण तुला वाटत असेल की आता माझं जळणं थांबलं, तर तसं नाही. आता मला कळतंय मी नक्की कशावर जळतो. तो चांगला दिसतो म्हणून नाही. तू माझ्यासाठी घाबरली होतीस आणि तेव्हा तिथे तो होता. माझ्या वाटणीचं रडणं त्याने पाहिलं. त्याला त्याचा अर्थही माहीत नव्हता, नुसतं पाणी दिलं त्याने, आणि तरी ते त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही. ते मला कुठून परत मिळणार? हे शर्टासारखं धुताही येत नाही.

रजा टाकली आहे. मंजूर झाली तर महिनाअखेरीस निघतो. येऊ का, हे विचारतो आहे. या वेळी खरंच विचारतो आहे.

तुझा


९ एप्रिल

प्रिय,

ते परत मिळणार नाही. मी गोड बोलून तुझी समजूत घालणार नाही. ती दुपार त्याच्याकडे राहिली. तू तिथे नव्हतास, आणि तू असतास तर मी नळ सोडून रडले असते, हेही खरं. वडील गेले तेव्हा तुला बाहेर ठेवलं त्याचा विचार मी गेले काही दिवस करते आहे. उत्तर अजून सापडलेलं नाही. सापडलं की पहिल्यांदा तुला सांगेन.

घड्याळ्याला अहवाल गेल्यावर सगळं कळलं. माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ज्या फोटोत मी दोन लिहिले होते, तिथे एकच होता. मी परत पाहिला." त्याच्याकडून माफी म्हणजे एवढीच. मग घड्याळ बघून निघून गेला.

मला आता नव्या पेशी वाढवायला दिल्या आहेत, दुसऱ्या कामासाठी. अजून नीट चिकटत नाहीत. रोज सकाळी झाकण उघडून आधी तेच बघते.

तुझ्यावरचा माझा राग संपलेला नाही. बहिणीला पहाऱ्यावर बसवलंस, आणि माझ्या शब्दापेक्षा तुला आकडा लागला. यावर आपलं भांडण व्हायचं आहे, मोठं, आणि ते मला पत्रातून करायचं नाही. पत्रात तू मध्ये बोलत नाहीस, आणि मला तू मध्ये बोलायला हवा आहेस.

तेव्हा ये. जळायचंच असेल तर इथे येऊन, माझ्यासमोर बसून जळ.

तुझी